उघाडी दुरुस्त झाली आहे असे कळवावे

"बापूराव, यो कागद तुमीच लिवला ना?"

बाळकुमचा पास्कू कचेरीच्या पायरीवर उभा होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, पण हातातला कागद अगदी कोरडा. तो त्याने टोपीत घालून आणला होता.

"लिहिला मीच. काय झाले?"

"पादरीन वाचून दावला. कागद बोलतो, उगाडी नीट जाली. मंग माजे शेतान खारा पानी कुठनशी येतंय?"

मी तेव्हा ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत ट्रान्स्लेटर होतो. कोणत्या ते विचारू नये, त्यातली काही माणसे अजून पेन्शन खात आहेत. साहेबाचे इंग्रजी हुकूम मराठीत करायचे आणि लोकांचे मराठी अर्ज इंग्रजीत, एवढे माझे काम. कल्याणच्या शाळेत छडी खाऊन इंग्रजी शिकलो होतो, त्यामुळे शब्दाला शब्द ठेवण्याची मला भारी घमेंड होती.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली लाकडी झडप. ओहोटीला ती उघडते आणि शेतातले पाणी बाहेर जाते. भरतीला ती मिटते आणि खाडीचे पाणी बाहेरच राहते. पास्कूच्या शेताजवळच्या उघाडीची फळी कुजून फुटली होती. बांध सरकारी, म्हणून त्याने अर्ज केला होता. त्याच अर्जाचे उत्तर त्याच्या हातात होते: 'अर्जदारास कळविण्यात येते की उघाडी दुरुस्त झाली आहे.'

"पाच दिसांनी कोजागरीचा उधान हाय," पास्कू म्हणाला. "भात निसवलाय. पानी आत आला का सगला गेला. घरान सात मानसा हात, बापूराव. त्यांनी काय यो कागद खावाचा?"

मी आत जाऊन हुकमांचे दप्तर काढले. सगळे कागद जागच्या जागी होते, एकात म्हणून खोट नव्हती. असे दिसले की मला नेहमी संशय येतो.

साहेबाचा मूळ हुकूम होता तो ओव्हरसियर दाजीबांना. ते या बांधांची देखरेख करीत, बहुतेक घरून. साहेबाने लिहिले होते की ओव्हरसियरने 'टू रिपोर्ट दॅट' उघाडी दुरुस्त झाली आहे.

आता ही इंग्रजीची एक खोड सांगायला हवी. त्या भाषेत क्रियापदाच्या पुढे 'टू' लावतात. असे क्रियापद एकटे उभे राहिले तर कळत नाही की काय करायचे, म्हणून त्याच्या मागे एक आख्खे वाक्य शेपटासारखे बांधतात, 'दॅट' लावून किंवा 'व्हेदर' लावून. शेपूट बदलले की जनावरच बदलते. 'टू रिपोर्ट व्हेदर' म्हणजे झाले की नाही ते बघून कळवा. 'टू रिपोर्ट दॅट' म्हणजे झाले असे कळवा. साहेबाच्या मनात होते की आधी करा आणि मग झाले म्हणून कळवा. 'करा' हा शब्द मात्र कागदावर कुठेच नव्हता.

मी शब्दाला शब्द ठेवून मराठी केले होते: 'उघाडी दुरुस्त झाली आहे असे कळवावे.' दाजीबांनी हुकमाची तामिली त्याच दिवशी केली: 'हुकमाप्रमाणे कळवितो की उघाडी दुरुस्त झाली आहे.' एवढा तत्पर नोकर सरकारला शोधून सापडायचा नाही.

मी कागद घेऊन शिरस्तेदारांकडे, म्हणजे आमच्या तात्यासाहेबांकडे गेलो. सगळी कचेरी त्यांच्या मुठीत होती.

"तात्या, उघाडी तुटलेलीच आहे."

"कोण म्हणतो?"

"पास्कू म्हणतो."

"त्याचे म्हणणे फाइलीत आहे का? नाही ना. दाजीबाचे आहे." त्यांनी तपकीर ओढली. "अरे, सरकारी कागदावर जी उघाडी दुरुस्त आहे, ती दुरुस्त करायचा हुकूम कोण काढणार? उद्या वरून विचारतील, चांगली उघाडी कशाला मोडलीत?"

मग मी साहेबाकडे गेलो. साहेब तरुण होता, मनाने वाईट नव्हता. त्याने स्वतःचा हुकूम दोनदा वाचला आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"मी स्पष्ट लिहिले आहे! झाल्याशिवाय माणूस झाले असे कळवील कसा?"

"आमच्याकडे कळवतात, साहेब."

त्याने नवा हुकूम लिहिला. या वेळी 'टू रिपोर्ट व्हेदर'. उघाडी दुरुस्त झाली आहे किंवा नाही, हे कळवावे. मीही शब्दाला शब्द लावला. दाजीबांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले: 'सदरहू बाबतीत आमचा पूर्वीचा रिपोर्ट पाहावा.' बिचारे दुसरे काय लिहिणार? 'नाही' म्हणावे तर पहिला रिपोर्ट खोटा, 'होय' म्हणावे तर दुसराही. एक दिवस त्यातच गेला. पास्कू दोन्ही दिवस पायरीवर बसून होता. मी बाहेर आलो की तो माझ्याकडे बघायचा. मला त्या पायरीवरून जायची लाज वाटू लागली.

तिसऱ्या दिवशी साहेबाने तिसरा हुकूम काढला. तात्यांनी बजावले होते की दुरुस्त उघाडी दुरुस्त करा, असे लिहिता येत नाही. म्हणून त्याने लिहिले की ओव्हरसियरने 'टू सी दॅट' उघाडी उधाणात दुरुस्त राहील.

'टू सी दॅट' म्हणजे तशी तजवीज करणे. पण 'सी' म्हणजे पाहणे, हे शाळेतले पोरही सांगेल. शब्दाला शब्द ठेवला असता तर दाजीबा बांधावर गेले असते, त्यांनी उघाडीकडे डोळे भरून पाहिले असते आणि पाहिले असे कळवून घरी जेवायला आले असते.

मी टाक हातात घेतला. ट्रान्स्लेटरने मुळात नसलेला शब्द घातला तर त्याची नोकरी जाते. माझे लग्न त्याच वर्षी झाले होते. भीती वाटली, खोटे कशाला सांगू? पण खिडकीतून पायरी दिसत होती, आणि पायरीवर टोपी दिसत होती.

मी लिहिले: 'उघाडीस नवी फळी बसवावी. उधाणाची भरती पूर्ण होईपर्यंत ओव्हरसियर यांनी उघाडीच्या आतल्या अंगास, शेतात, स्वतः उभे राहावे. यात कुचराई चालणार नाही.'

साहेबाला मराठी वाचता येत नसे. त्याने सही केली.

हुकूम वाचून दाजीबा धावत कचेरीत आले.

"बापू, अरे मला पोहता येत नाही!"

"मग फळी घट्ट बसवा, दाजीबा."

त्याच दुपारी दोन सुतार बाळकुमला गेले. फळी सागाची, एकीच्या जागी दोन लावल्या, वर चिकणमाती थापली. कोजागरीच्या भरतीला दाजीबा धोतर खोचून पास्कूच्या शेतात उभे होते, डोळे उघाडीवर. त्यांच्या पायाला पाणी लागले नाही. आधी शिरलेल्या पाण्याने कडेची एक पट्टी करपली ती करपलीच. बाकीचे भात उभे राहिले.

दिवाळीनंतर पास्कू नवे तांदूळ घेऊन आला. मी नको म्हटले तरी ठेवून गेला. जाताना त्याने विचारले, "त्या कागदान काय लिवलेला?"

मी सांगितले.

"मंग पयलेच तसा लिवायचा ना!" एवढे बोलून तो गेला. व्याकरणावर यापेक्षा नेमका अभिप्राय मी पुढच्या तीस वर्षांत ऐकला नाही.

दाजीबा गप्प बसणारे नव्हते. त्यांनी तक्रार केली, माझ्या मराठीचे उलट इंग्रजी करून घेतले गेले आणि प्रकरण साहेबाच्या वर पोहोचले. नोकरी सुटली तर परत येतो, असा निरोपसुद्धा मी गावाकडे धाडून ठेवला होता. अखेर वरून हुकूम आला, आणि भाषांतराला माझ्याच टेबलावर आला. शिरस्तेदाराने 'टू रिपोर्ट दॅट' ट्रान्स्लेटरला सक्त ताकीद देण्यात आली आहे.

या वेळी मी शब्दाला शब्द ठेवला, पदरचे एक अक्षर घातले नाही: 'ट्रान्स्लेटरला सक्त ताकीद देण्यात आली आहे असे कळवावे.'

तात्यांनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिले, तपकीर ओढली आणि त्याच दिवशी वर कळवले की ताकीद देण्यात आली आहे.

मी पेन्शनीत निघालो. ताकीद अजून मिळालेली नाही.