चीट कोडवाले साडभाऊ

प्रामाणिक माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण आपल्या प्रामाणिकपणानं दुसऱ्यांचा जीव नकोसा करून सोडणारा माणूस अकोला ते अमरावती एवढ्या टापूत एकच आहे. तो नेमका माझा साडू निघावा, याला नशीब म्हणायचं की सासऱ्यांची निवड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं अमरावतीला कापडाचं दुकान आहे. ‘रंग जाणार नाही’ आणि ‘ताई, ही साडी तुमच्यासाठीच विणलीय’ या दोन वाक्यांवर माझा संसार उभा राहिला. असल्या माणसानं साडभाऊंशी वर्षानुवर्षं नातं निभावलं, हे खरं तर कौतुकच आहे. पण ते कोणी करत नाही. सासरी सगळं कौतुक त्यांचंच.

साडभाऊ अकोल्याला एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. एकदा आमच्याकडे येताना, मी त्यांना घ्यायला बडनेऱ्यालाच येणार म्हणून, त्यांनी तिथपर्यंतचंच तिकीट काढलं होतं. मध्ये डोळा लागला आणि जाग आली ती थेट अमरावतीच्या स्टँडवर. कुणीही शहाणा माणूस गुपचूप उतरला असता. हे कंडक्टरसमोर हात पुढे करून उभे. “बडनेऱ्यापासून इथपर्यंतचं तिकीट द्या.” कंडक्टर म्हणाला, “जाऊ द्या ना सर, झोप लागते मानसाले.” तर हे त्याच्यावरच उखडले. “झोप माही लागली, गाडी तं तुमची चालली ना? मंग?” त्या बिचाऱ्यानं बंद केलेलं मशीन पुन्हा चालू केलं, तिकीट फाडलं, आणि तोवर भर मे महिन्यात मी तिकडे बडनेऱ्याला डोक्यावर रुमाल टाकून स्कूटरपाशी भाजत उभा होतो.

पण साडभाऊंचं खरं रूप पाहायचं तर बारावीच्या परीक्षेत. सुपरवायझरचं काम म्हणजे इतर मास्तरांच्या कपाळावर आठी. यांच्या घरात मात्र ते सणासारखं. आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री, पायात आवाज न करणारे बूट. मोज्यातली चिठ्ठी त्यांना म्हणे पोराच्या चालीवरून कळते. त्यांच्या वर्गात कॉपी करण्यापेक्षा अभ्यास सोपा, असं अकोल्याची पोरंच म्हणायची. अकोल्याला शिकणाऱ्या माझ्या पुतण्याचा नंबर एका वर्षी नेमका त्यांच्याच केंद्रावर आला. घरच्यांनी गळ घातली म्हणून मी फोन केला. “साडभाऊ, पोराकडे जरा लक्ष ठेवा.” त्यांनी ठेवलं. त्याला मागच्या बाकावरून उठवून थेट स्वतःच्या टेबलासमोर बसवलं आणि तीन तास त्याच्याकडे बघत राहिले. पोरगं घरी आलं ते पाणीसुद्धा पिईना. मी जाब विचारला, तर म्हणतात, “तुमीच सांगतलं ना लक्ष ठेवा म्हनून?”

आता अशा माणसाला छंद कसला असावा? टपाल तिकिटं जमवावीत, कुंडीत गुलाब लावावेत. साडभाऊंचा छंद होता चीट कोडचा. लहानपणी टीव्हीला जोडून कॅसेट घालून खेळायचे ते व्हिडिओ गेम आठवा. त्यात एक ठेंगू माणूस पळत असे, उड्या मारत असे, आणि खड्ड्यात पडून मरत असे. या खेळांत फसवाफसवी करायची एक डबी मिळायची. तिच्यात ठरावीक आकडे-अक्षरं टाकली की तो ठेंगू अमर व्हायचा. त्या आकड्या-अक्षरांना म्हणायचं चीट कोड. पण डब्या करणाऱ्या कंपन्या निराळ्या, आणि प्रत्येकीनं तीच गोष्ट आपापल्या पद्धतीनं लिहिलेली. कुणाची नुसती अक्षरं, कुणाचे नुसते आकडे, तर कुणी मुद्दाम कालवून ठेवलेले. एका डबीचा कोड दुसरीत चालायचा नाही. आज ते खेळ लोक कॉम्प्युटरवर हौसेनं खेळतात आणि तिथेही हीच रड. साऱ्या जगानं हे मुकाट्यानं सोसलं, साडभाऊंना सोसवेना. “हा अन्याय आहे,” ते मुठी आवळून मला सांगायचे. “एकच कोड आहे. मंग यानं तिकडं कावून चालू नाई?” आणि रोज कॉलेजातून आल्यावर, चहा गार होईपर्यंत बसून, त्यांनी एक प्रोग्राम लिहायला घेतला. या बाजूनं एका डबीचा कोड घाला, त्या बाजूनं दुसरीचा काढा.

आमची मेहुणी या काळात फोनवर माझ्या बायकोजवळ रडायची. माणूस दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, मग तक्रार तरी काय करायची, हे तिचं खरं दुःख होतं.

अधिक महिन्यात परतवाड्याला सासुरवाडीला आम्हा दोघा जावयांना धोंड्याचं जेवण होतं. पाटावर मी नवा सदरा घालून बसलेला, पुढ्यात तुपातले अनारसे, आणि शेजारच्या पाटावर साडभाऊ मांडीवर लॅपटॉप उघडून! सासऱ्यांची हयात जिनिंगमध्ये कापूस पाहण्यात गेलेली. त्यांनी विचारलं, “जवाईबापू, हे काय चाललं?” साडभाऊ म्हणाले, “मामाजी, खंडीचा भाव क्विंटलमध्ये करतो. कापूस तोच, माप निरालं.” सासऱ्यांना ते तत्काळ पटलं. “मंग याच्यात तुमची दलाली काय?” “काई नाई.” “फुकट?” “फुकट.” सासरे अनारशांच्या ताटाकडे बोट दाखवून सासूबाईंना म्हणाले, “यायले अजून एक वाढा.” मला कोणी विचारलंसुद्धा नाही. त्याच दिवशी त्या प्रोग्रामनं एका कोडातल्या आकड्यांच्या जोड्या उलटसुलट केल्या आणि अमर व्हायचा तो ठेंगू छताला पाय लावून चालू लागला. साडभाऊ पानावरून उठून टाळ्या वाजवायला लागले. “चूक सापडली! साडभाऊ, पाहा, चूक सापडली!” स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या धंद्यात तर ती सापडू नये म्हणूनच धडपड असते.

एवढं सगळं केलं, पण स्वतः खेळताना या गृहस्थानं एकही कोड कधी वापरला नाही. तिसऱ्या टप्प्यावर एक रुंद खड्डा आहे, त्यात ते अनेक वर्षं इमानेइतबारे पडत आले आहेत. मी म्हटलं, तपासताना तर कोड टाकताच ना? म्हणाले, “तपासनं वेगळं, खेळनं वेगळं. मी उत्तरपत्रिका तपासतो म्हनून का मी पास झालो?”

प्रोग्राम तयार झाला, त्यांनी तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला, आणि इथे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्याही हातून होणार नाही अशी चूक केली. असल्या गोष्टी करणारे लोक तिथं टोपणनावानं वावरतात. कुणी वाघ, कुणी भूत. साडभाऊंचा प्रोग्राम उघडला की आधी त्यांचं संपूर्ण नाव यायचं, वडिलांच्या नावासकट. खाली पदव्या, शिक्षक, भौतिकशास्त्र, कॉलेजचं नाव, मुक्काम अकोला, आणि शेवटी ‘चूक आढळल्यास कळवावे’. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, “उत्तरपत्रिकेवर नंबर नसंन तं कोनी तपासते का? मंग कामावर नाव नको?”

व्हायचं तेच झालं. ज्याचं पोरगं साडभाऊंनी कॉपी करताना पकडलं होतं, अशा कुणा पालकानं ते नाव शोधून काढलं आणि साऱ्या अकोल्याच्या मोबाइलवर फिरवलं. ‘कॉपी पकडणारे सरच बनवतात चीटचं सॉफ्टवेअर!’ ज्यांना चीट कोड आणि चिवडा यातला फरक ठाऊक नाही, अशांनीही पुढे पाठवलं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी बोलावणं धाडलं. मी त्या दिवशी लग्नाला म्हणून अकोल्यात होतो. मेहुणीनं डोळे पुसत मला त्यांच्यासोबत पिटाळलं.

सचिव गोड माणूस. आम्हाला चहा दिला. “सर, चीट म्हंजे फसवनूकच ना?”

“हो.”

“अन् ते तुमी बनवता?”

“मी बनवत नाई. बनवलेलं दुसऱ्या मापात टाकतो. अन् त्यात फसते कोन? मशीन. तिले काई वाटत नाई.”

सचिवांनी आवाज खाली आणला. “हे पाहा, मले काई घेनं नाई. फक्त नाव काढून टाका. संस्थेचं बी अन् तुमचं बी. बाकी चालू द्या. कोनाले समजते?”

मी टेबलाखालून साडभाऊंचा पाय दाबला. दुकानदार माणूस मी, इतका स्वस्त सौदा मला दिसत होता. साडभाऊ उभे राहिले. “संस्थेचं नाव तुमचं आहे, आजच काढतो. ते टाकाच्या आधी विचाराले पाह्यजे होतं, चुकलं माहं. पन माहं नाव लपवून काम चालू ठेवू? साहेब, यालेच तं आमी कॉपी म्हनतो.”

झालं. यंदाच्या परीक्षेच्या कामातून त्यांना वगळलं, आणि पत्रात कारण दिलं प्रकृतीचं. साडभाऊ परत भांडायला गेले, कामासाठी नव्हे. “माही तब्येत ठनठनीत आहे. खरं कारन लिहा.” ते कुणी लिहिलं नाही.

मला या गोष्टीचा आजही संताप येतो. अरे, ज्या माणसानं बडनेऱ्याच्या पुढचं तिकीट मागून घेतलं, त्याला तुम्ही लबाड ठरवता? यंदा त्या केंद्रावर वातावरण म्हणे फार मोकळं होतं. खिडक्यांखाली पोट्ट्यांचे काका-मामा उभे होते, पाण्याच्या बाटल्यांसोबत आणखीही काही आत जात होतं, आणि कुणाच्याही मोबाइलवर कुणाचंही नाव फिरलं नाही. मी दुकानात गिऱ्हाइकांना धरून धरून हे ऐकवलं. दोन बायका साडी न घेताच गेल्या.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी दुकान नोकरावर टाकून सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेलो. काय बोलणार होतो, माहीत नव्हतं. साडभाऊ बैठकीत बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात ते आवाज न करणारे बूट, घरातल्या घरात. मेहुणीनं मला डोळ्यांनीच खुणावलं, काही विचारू नका. समोर लॅपटॉपवर तो ठेंगू पळत होता. तिसरा टप्पा, तोच रुंद खड्डा. पडला. साडभाऊंनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पडला. त्या माणसाला असं वारंवार पडताना बघून माझाच जीव कासावीस झाला.

“साडभाऊ,” मी म्हटलं, “आज एक डाव टाका ना तुमचाच कोड. साऱ्या जगाले अमर करून ठेवलं तुमी. घरातच तं आहो, कोन पाहून राह्यलं?”

ते हसले. त्यांचं हसणं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. “टाकला असता. पन मंग मले पकडाले कोन येईन?”

मेहुणीनं चहा आणून ठेवला, तो दोघांच्याही समोर निवत राहिला. मागच्या गल्लीतल्या शाळेत परीक्षेची घंटा झाली. साडभाऊंचे हात थांबले, स्क्रीनवरचा ठेंगू खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला. ते घड्याळाकडे पाहत, मला उद्देशून की कुणाला कोण जाणे, म्हणाले, “पेपर वाटले असतीन आता. पोट्टे घाईघाईत लिहाले लागतात. नंबर नीट टाका म्हनून सांगतलं असंन ना कोनी त्यायले?”