शोभावैनींचं बोट आणि माझा नियम

मंडळी, आज दुपारी मी केलेला नियम मलाच टोचला.

डिचोलीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात हजेरीचं सॉफ्टवेअर मीच बसवलं. मशीनवर बोट लागलं नाही तर गैरहजर. दुरुस्तीची विनंती महिन्यात दोनदाच, तिसरी आपोआप नामंजूर. कामचुकारांना चाप बसला म्हणून मी खूश!

आज यादी उघडली तर पॅकिंगच्या शोभावैनी सहा दिवस गैरहजर. त्या तर रोज माझ्या केबिनच्या काचेसमोर उभ्या राहून काम करतात.

बोलावलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची सालं गेलेली. पेडण्याला त्यांच्या घरी काजूचा हंगाम चालू आहे. भाजलेल्या बिया फोडताना टरफलातल्या तेलाने कातडी जळते. मशीन बोट ओळखणार कसं?

"अहो, मग मला सांगायचं तरी!"

"मोबायलार विनंती घातली मां, मॅडम. तिसऱ्या खेपेक नामंजूर होऊन इली, खाली तुमचां नाव. म्हटलां, तुमीच नाय म्हणालात. मगे परत कित्याक विचारू?"

सहाही दिवस लगेच हजर लावले. हंगामापुरतं सहीचं रजिस्टर ठेवलं, दोनदाची अटही काढली. तरी चैन नाही. तुमच्या नावाने कोणाला असा नकार गेलाय का, कधी बघितलंत?

तो नियम सॉफ्टवेअरमध्ये भरत होते तेव्हा टेबलावर भाजलेल्या काजूंचा डबा होता. एकेक तोंडात टाकत भरला मी तो. डबा शोभावैनींनीच आणून दिला होता, घरचे काजू म्हणून.