झाकणाआतली माणसं

रॉकेलच्या चिंधीने मी एका दुपारी विमानाच्या पंखाखालचं झाकण आतून घासून लख्ख केलं आणि चाळीस वर्षांतली माणसं पुसून टाकली. मला वाटलं, कुणीतरी मेणखडूने रेघोट्या मारल्यात. युद्धविमानांच्या संग्रहालयात माझं काम तिकिटं फाडायचं. स्वच्छतेचा उमाळा माझा स्वतःचा.

फिटरकाका आले, वर पाहिलं आणि स्टुलावर बसले. हवाई दलात हेच विमान त्यांनी तरुणपणापासून सांभाळलेलं. निवृत्तीनंतर ते त्याच्या मागोमाग इथे आले. काकू म्हणायच्या, "सवत एक दिवस उडून जाईल, या आशेवर संसार केला मी."

"छान घासलंस," काका म्हणाले. "आता त्यात स्वतःचं तोंड बघ."

मग कळलं. दुरुस्ती संपली की झाकण लावण्याआधी प्रत्येकजण आत आपलं टोपणनाव आणि तारीख लिहायचा. खऱ्या नावाला तिथे मज्जाव. संग्रहालयाची शेड आता रिकामी करायची होती. मोठ्या संग्रहालयाच्या तज्ज्ञ बाई सोमवारी येणार होत्या. इतिहास सिद्ध झाला तर विमान नेणार, नाहीतर भंगार. नोंदवह्या वाळवीने केव्हाच संपवलेल्या. उरलं होतं ते एवढं झाकण.

"काका, तुम्हीच परत लिहून टाका ना."

"प्रगतिपुस्तकावर बापाची सही तूच करायचास वाटतं? वही आण."

मी वही आणली.

"लिही. लांब्या. त्याचा हात टाकीच्या तळाला पोचायचा. नाकाड्या. तेल हुंगून सांगायचा, इंजिनाचं कुठे दुखतंय. पंतोजी. दुसऱ्यांच्या तारखा तपासायचा आणि स्वतःची चुकवायचा."

सांगता सांगता काका पंचविशीत गेले. लांब्याच्या लग्नात सगळी टोळी काळ्या नखांनी जेवायला बसली होती, हे सांगताना त्यांनी आपली नखंही पाहिली. लिहून लिहून माझी मान मोडली, पण थांबा म्हणवेना.

सोमवारी बाईंनी झाकण उघडलं. "हे कुणी पुसलं?"

माझं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मीच. वय झालं." मी वही बाईंपुढे धरली.

बाईंनी वही चाळली. "आठवणी म्हणजे पुरावा नव्हे, काका."

"मग विमानालाच विचारा. डाव्या चाकाच्या वर पत्र्याचं एक ठिगळ आहे, सात रिव्हेट ठोकून बसवलेलं. सातवा वाकडा. तो पंतोजीचा."

बाई शिडी चढल्या. सातवा वाकडाच निघाला. मग काकांनी आणखी चार खुणा सांगितल्या, चारही सापडल्या.

"भंगारात जाणार नाही," उतरल्यावर बाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे छताखाली जागा नाही. वर्षभर उघड्यावर, ताडपत्रीखाली. पुढचं आज सांगता येत नाही."

"वर्षभर म्हणजे मलाही टिकायला हवं," काका म्हणाले आणि ताडपत्रीसाठी पंखाची लांबी मोजायला लागले. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

बाईंच्या अहवालात आजही लिहिलंय, 'नोंदी वृद्ध फिटरच्या हलगर्जीपणामुळे नष्ट.' खरं काय ते कळवणारं पत्र मी तीनदा लिहिलंय. पाकिटात घातलंय, तिकीटही चिकटवलंय. टाकायचं राहिलंय.