ॲसिड खाली, पावडर वर

मावळातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सुरक्षा समिती नेमली गेली आणि मला वेळेवर नाही म्हणता आलं नाही म्हणून तिचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं.

पहिलंच काम होतं विद्यार्थी आणि कर्मचारी यांना आरोग्य-सुरक्षेचं प्रशिक्षण देण्याचं. पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावले. चांगला माणूस, तयारीनं आलेला. धुरातून वाकून बाहेर कसं पडायचं, शॉक लागलेल्या माणसाला हात का लावायचा नाही, हे सगळं त्यांनी करून दाखवलं. मुलं रंगून गेली होती. सफाईच्या बायका शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. हजेरीपटावर त्यांच्याही सह्या हव्या होत्या. खरं सांगायचं तर मी त्यांना तेवढ्यासाठीच बोलावलं होतं.

"काही प्रश्न?" प्रशिक्षकांनी शेवटी विचारलं.

मागून एक मावशी उभ्या राहिल्या. जवळच्या आंबी गावच्या. अकरा वर्षं आमची इमारत झाडत होत्या. रोज सकाळी माझ्या प्रयोगशाळेची फरशी पुसायच्या, पण आमचं बोलणं चहापाण्यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

"सायेब, आमचं ऱ्हायलंच की," त्या म्हणाल्या. "आमी मशीन चालवत न्हाई. आमी संडास धुतो. डाग निघंना म्हनून ॲसिड वततो, वास जाईना म्हनून वर ब्लीचिंग पावडर टाकतो. मग असा धूर येतो की डोळं झोंबत्यात, छाती भरती. लय येळा दार उघडून भाईर पळालेय मी. त्यो धूर कशाचा असतोय?"

दोन-चार मुलं हसली. प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, कारण हॉलमध्ये रसायनशास्त्राची मीच होते.

"क्लोरीन," मी म्हणाले. "विषारी वायू आहे तो, मावशी. ती दोन्ही कधीच एकत्र करायची नाहीत."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याच आठवड्यात मी ते समीकरण फळ्यावर लिहिलं होतं, आणि दरवर्षीच लिहायची. तास संपला की तो फळा मावशीच पुसायच्या. मी फक्त "व्हय" म्हणाले. माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत गेले. बाटल्यांवर डकवायला रंगीत चिठ्ठ्या करून नेल्या होत्या, लाल आणि पिवळ्या. तिथे ॲसिड, फिनेल, पावडर, सगळं एकाच फळीवर होतं. काही तर सरबताच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं. मावशींनी माझ्या चिठ्ठ्या हातात घेऊन पाहिल्या.

"मॅडम, हितं सगळं वलं असतंय. ह्या दोन दिसांत सुटतील."

"मग काय करायचं?"

त्या फळीकडे बघत म्हणाल्या, "ॲसिड हितंच राहू द्या, खाली. पावडर न्या चौथ्या मजल्यावर. एकत्र करायला चार जिने कोन चढतंय?"

सुरक्षेची पुस्तकं मीही वाचली आहेत. सूचना लावण्यापेक्षा चूक करणंच अवघड करून ठेवावं, असं त्यांत पानंच्या पानं लिहिलेलं असतं. मावशी चौथी शिकलेल्या, आणि त्यांनी ते फळीकडे बघता बघता सांगितलं. त्याच दुपारी पावडरचे डबे वर गेले. सरबताच्या बाटल्या त्यांनी स्वतः रिकाम्या करून मोडून टाकल्या, पुन्हा कुणी भरू नयेत म्हणून.

पुढच्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांचं आणि कर्मचाऱ्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण लोणावळ्याला, तुंगार्लीतल्या एका भाड्याच्या बंगल्यात ठेवलं होतं. अर्धा तास मावशींनी बोलावं असं मी सुचवलं. त्या आधी तयार नव्हत्या. "मी काय भाषान करनार?" म्हणाल्या. मी म्हटलं, भाषण नको, कामाचं सांगा. मग आल्या. येताना इस्त्रीची निळी साडी नेसून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं व्हरांड्यात जमत होती. एवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. थांबेचना. मागोमाग पोहण्याच्या तलावाजवळ येतो तसा उग्र वास. बंगल्याची देखरेख करणारे गृहस्थ पाहुण्यांसाठी आतल्या बोळाच्या टोकाचं न्हाणीघर धुवायला गेले होते. मी धावले. बोळाच्या तोंडाशी मावशींनी माझा दंड धरला. चांगलाच घट्ट.

"थांबा मॅडम. आत गेलात तर दोघं आडवे पडाल."

मला तेवढं भान राहिलं नव्हतं, आणि वायूचा धडा मीच शिकवत होते. मावशींनी पोरांना बाहेरून खिडक्या उघडायला पिटाळलं आणि तोंडावर पदर धरून त्या जागेवरूनच हाक मारली.

"भाऊ, ऐकू येतंय का? खाली बसलाय व्हय? उठा. उभं ऱ्हावा. खालीच लय असतंय त्ये. भित धरा न् माझ्या आवाजाकडं या. मी हितंच हाय."

ते खरोखरच खाली बसले होते. आदल्याच दिवशी सगळ्यांना शिकवलं होतं की धुरात वाकून चालावं. त्यांनीही कोपऱ्यात उभं राहून ते ऐकलं असणार. पण क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं. बसून घासताना जास्त झोंबतं आणि उभं राहिलं की जरा कमी होतं, हे त्यांच्या छातीला अकरा वर्षांत कळलेलं होतं.

त्या एकसारख्या बोलत राहिल्या, घाई न करता. "या, या. अजून थोडं." ते गृहस्थ भिंतीला हात लावत बाहेर आले. डोळे लाल, श्वास लागलेला. मावशींनी त्यांना अंगणात मोकळ्यावर बसवलं, डोळ्यांवर पाणी मारायला लावलं. आम्ही गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

त्यांना पोचवून मी दवाखान्यातून परत आले तेव्हा प्रशिक्षण सुरू होतं. मावशी बोलत होत्या आणि पुण्याचे ते प्रशिक्षक पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते. एका मुलीनं विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की," मावशी म्हणाल्या. "म्हनून तर आत न्हाई गेले."

कॉलेजात परतल्यावर मी अर्ज केला की मावशींना समितीवर घ्यावं. त्या ठेकेदाराकडच्या. अशा कर्मचाऱ्याला सभासद करता येईल का, यावर दोन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीला त्या प्राचार्यांच्या दालनात येऊन बसल्या, खुर्चीच्या कडेवर. सूचनाफलकांचा आकार केवढा असावा यावर आम्ही शिकलेली माणसं बराच वेळ बोलत होतो. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "फलक लावा तुमी, चांगलंच हाय. पन संडासातली हवा भाईर फेकायचे पंखे कदी बसवायचे त्ये आधी ठरवा. मला साडेअकराला तिसरा मजला करायचाय."

पंखे त्याच महिन्यात बसले.