दोन छोट्या शिट्या

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगितलं नाही. घरी नाही, देवापुढं नाही, अन् जिचं नुकसान केलं तिले तर नाहीच नाही. मंग तुमालेच कावून सांगून राहिली? तुम्ही मले ओळखत नाही, म्हणूनच असन. ओळखीच्या माणसापुढं हा विषय निघाला की माह्या तोंडातून आपोआप खोटंच निघते — आठ वर्षांची सवय आहे ती.

मी इकडं छत्तीसगढात, चरोद्याच्या रेल्वे यार्डात काम करते. नवरा गेल्यावर रेल्वेनं त्याच्या जागी लावलं. डबे जोडायचे, तोडायचे, रुळाचा सांधा बदलायचा, इंजिनवाल्याले झेंडी दाखवायची. यार्डात मले नंदाताई म्हणतात. मागून खडूस म्हणतात, तेही मले माहीत आहे. म्हणू द्या, त्यात खोटं काय आहे?

उज्ज्वला गोंदियाकडून बदली होऊन आली अन् तिले काम शिकवायले माह्या हाताखाली दिलं. तिशीच्या आतली पोट्टी, आईले घेऊन माह्या बाजूच्याच क्वार्टरात राहायले आली. माहं कोणाशी फारसं जमत नाही. पण हिच्याशी जमलं, कसं कोणास ठाऊक. महिनाभरात तिच्या कढीगोळ्याची वाटी माह्या ओट्यावर अन् माही अंबाडीची भाजी तिच्या ओट्यावर जायले लागली. मी चिडली की ती हसायची. माह्यावर हसणारं माणूस मले कितीतरी वर्षांनी भेटलं होतं, अन् मले त्याचा राग येत नव्हता.

आता एक कामाची गोष्ट सांगावीच लागते, नाहीतर पुढचं समजणार नाही. थंडीत यार्डात धुकं पडते. झेंडी दिसत नाही, बत्ती दिसत नाही. म्हणून आम्ही दोघींनी आपसात शिटीचं ठरवलं होतं. एक लांब शिटी — जिथं आहे तिथंच उभी राय. दोन छोट्या — रस्ता मोकळा आहे, ये. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, दोन छोट्या वाजवणाऱ्यानं तो रस्ता पहिले स्वतः चालून पाहिलेला पायजे. न पाहता कोणाले ये म्हणायचं नाही. हे मीच तिले शिकवलं होतं, बोट उगारून.

अन् ती कशी ऐकायची सांगू? एकदा मी एक लांब वाजवली, तेवढ्यात साहेबानं बोलावलं, अन् मी विसरूनच गेली. वीस मिनिटांनी येऊन पाहते तं ही तिथंच उभी, नाकाचा शेंडा लाल. म्हणे, ताई, तुमची दुसरी शिटी कुठं झाली? मी तिले येडी म्हटलं. मनातून मले बरं वाटलं होतं.

संक्रांतीच्या आठवड्यात आमची दोघींची सुटी एका दिवशी आली. दल्ली गावाच्या पुढं एक डोंगरी आहे, वर देवीचं ठाणं आहे. तिच्याच मनात आलं — ताई, चला ना, सकाळी जाऊ, संध्याकाळी परत. तीळवड्यांचा डबा घेतला अन् निघालो. पायथ्याशी एका छत्तीसगढी बाईचं चहाचं टपरं होतं, तिथं चहा प्यालो. आभाळ आलेलं होतं, त्यामुळं धुकं उठायचं नावच घेत नव्हतं. लाल मातीची पायवाट, दोन्हीकडून झाडं, अन् दहा पावलांपुढं काही नाही. ती पुढं पुढं चढत होती, मी गुडघ्यावर हात ठेवून मागून. खरं सांगते, मी खूश होती. पन्नाशीले आलेल्या बाईले कोण फिरायले नेते?

वर ठाण्याजवळ बसलो, अन् तिनं सांगितलं. गाडीवरच्या गार्डच्या बढतीच्या परीक्षेत ती पास झाली होती, पहिल्याच खेपेले. ताई, तुमालेच पहिले सांगून राहिली, म्हणे. आईलेही नाही सांगितलं अजून.

ती परीक्षा मी दोनदा दिली होती अन् दोनदा नापास झाली होती. तिले हे माहीत होतं. मले वाईट वाटन म्हणून तिनं फॉर्म भरल्याचंही लपवलं होतं — अन् पास झाल्यावर सगळ्यात पहिले मलेच सांगितलं. माणूस याहून चांगलं कसं वागणार? मी म्हटलं, छान झालं, अन् तीळवडी तोंडात टाकली.

उतरताना एका मोठ्या दगडाजवळ वाट फुटत होती. मी म्हटलं, तू इथंच थांब, मी खालची वाट पाहून येते. शिटी नेहमी माह्या पिशवीत असते. पुढं जाऊन एक लांब वाजवली. वरून तिचा आवाज आला — हाव ताई. वाट पाचच मिनिटांत सापडली. एक मुरमाचा जुना खड्डा होता, दोन माणसं खोल असन, अन् वाट त्याले वळसा घालून खाली जात होती. तो खड्डा मी पाहिला होता. हे ध्यानात ठेवा.

तिथून मी वर जायले पायजे होतं.

नाही गेली. मनात आलं, राहू दे गार्ड मॅडमले थोडी उभी. असंच आलं, याच शब्दांत. अन् मी खाली उतरून टपऱ्यावर जाऊन बसली. एक चहा घेतला, मंग अजून एक. शेगडीजवळ गरम वाटत होतं. ती हलणार नाही हे मले पक्कं माहीत होतं, अन् तेच मले गोड लागून राहिलं होतं — आता यातला कोणता भाग जास्त वाईट, ते तुम्हीच सांगा.

तास झाला असन. टपऱ्यावाल्या बाईनं विचारलं, दूसर नोनी कहाँ हे? दुसरी पोरगी कुठं आहे, म्हणून. तेव्हा मले भीती वाटली. पण माहा गुडघा ठणकत होता, अन् वर चढून तिच्यापुढं जाऊन सांगायचं काय? इतका वेळ कुठं होती म्हणून? मी टपऱ्याच्या कोपऱ्यावर उभी राहिली, धुक्याकडं तोंड केलं, अन् शिटी वाजवली. दोन छोट्या.

ती आली. कावून नाही येणार? शिटी माही होती. वाट सोडून ती सरळ आवाजाच्या दिशेनं आली — अन् मधात तो खड्डा होता.

लाकडं घेऊन उतरणाऱ्या बायांनी तिचं ओरडणं ऐकलं. मी नाही ऐकलं. घोट्याची दोन हाडं मोडली होती. बायांनी तिले पाठीवर घेऊन खाली आणलं. मले पाहून ती रडता रडता हसली, म्हणे, ताई, तुम्ही ठीक आहा ना? तिले वाटलं होतं मलेच काही झालं, म्हणून इतका वेळ लागला.

दवाखान्यात तिच्या आईनं विचारलं, यार्डातल्या लोकांनी विचारलं. ती म्हणाली, मी ताईची शिटी ऐकून निघाली. सगळे माह्याकडं पाहायले लागले. अन् मी म्हटलं — नाही. मी तिले थांब म्हटलं होतं. ये म्हणायची शिटी मी वाजवलीच नाही.

माहा आवाज जरासाही हलला नाही. एवढ्या वर्षांची नोकरी माही, ती कालची पोट्टी. धुक्यात कान वाजतात, असं कोणीतरी म्हणालं, अन् मी मान हलवली. तिनं माह्याकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेत उत्तर चुकल्यावर पोरगी पाहते तशी पाहिलं. मंग हळूच म्हणाली, असन, मलेच भास झाला असन.

घोटा जुळला, पण वाकडा. गार्डच्या मेडिकलमधे ती नापास झाली. यार्डाचं कामही गेलं. तिले ऑफिसात बसवलं, फाइली बांधते आता. यार्डात अजूनही लोक नवीन पोरींले तिचं उदाहरण देतात — शिटी नीट नाही ऐकली तं उज्ज्वलासारखं होते. मी तिथंच उभी असते. मी एकदाही तोंड उघडलं नाही.

अन् पाय तं पाय. मी तिचा कानही घेतला. फोन वाजला तरी ती बाजूच्या माणसाकडं पाहते, खरंच वाजला का म्हणून. कुकरजवळ बसून आईले विचारते, आई, किती झाल्या? लग्नाचं जमत आलं होतं, तेही तिनंच मोडलं. म्हणे, मले माह्यावरच भरोसा नाही, त्याले काय सांगू?

माह्यावर मात्र तिचा आहे. आजही संध्याकाळी ती लंगडत माह्या ओट्यावर येऊन बसते, वाटी घेऊन. यार्डाकडून शिटीचा आवाज येतो. ती बोलता बोलता थांबते, माह्या तोंडाकडं पाहते अन् विचारते, ताई, आता वाजली ना?

मी म्हणते, हाव, वाजली.

तुम्ही आहा म्हणून बरं आहे, म्हणते ती.

त्या दिवशीही वाजली होती, उज्ज्वला. दोन छोट्या. मी वाजवल्या होत्या.