उलटा कॅमेरा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुपवाडच्या घरामागचा नळ गळायला लागला. एरवी माझ्या नवऱ्याने चहा निवायच्या आत वायसर बदलला असता. सगळं आयुष्य लेथ मशिनवर गेलेलं. पण संक्रांतीनंतर अर्धांगवायूचा झटका येऊन त्याचा उजवा हात गेला. चालणं-बोलणं सुधारलं, तरी कुणाशी बोलायचाच नाही. दिवसभर मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचा.

शेवटी मी प्लंबरला बोलावलं. त्याने नळाला पाना लावला आणि दारातून नवरा ओरडला, "हात लावू नगंस! पाखरं पित्यात तिथं."

मी तेव्हा कुठे नीट बघितलं. नळाखालच्या जुन्या परातीत पाणी साचलं होतं. कढीपत्त्यावर इवलेसे हिरवट-पिवळे चष्मेवाले पक्षी आम्ही हलायची वाट बघत बसले होते. प्लंबर चहा पिऊन गेला, नळ गळका राहिला.

हे ऐकून मुलीने तिचा कॅमेरा त्याला आणून दिला. पण बटण उजव्या बाजूला. डाव्या हाताने खटपट करून तो वैतागला आणि त्याने कॅमेरा बाजूला ठेवून दिला. मग एका सकाळी कागद मागून त्याने डाव्या हाताने वेडंवाकडं काहीतरी काढलं आणि कारखान्यातल्या मित्राला फोन लावायला सांगितला.

मित्र संध्याकाळी आला. "गड्या, कॅमेरा उलटा टांगायचा म्हणतोस?"

"व्हय. उलटा केला की बटन डावीकडं येतंय."

मित्राने तसा स्टँड करून आणला. पहिल्या फोटोत बुलबुल डोकं खाली करून लटकलेला, थेंब वर चाललेला! आम्ही तिघंही हसलो. नवऱ्याचं ते वाकडं हसू मी किती महिन्यांनी बघत होते.

मी मित्राचे आभार मानायला लागले, तर तो म्हणाला, "आवं वहिनी, लय दिसांनी त्येनं मला काम सांगितलं. मलाच बरं वाटलं."

आता सकाळी भांडी तशीच ठेवून मी दारात थांबते. काल एक इवलासा शिंजीर पक्षी नळाच्या तोंडालाच लोंबकळून थेंब पीत होता. नवऱ्याने बटण दाबलं, फोटो सुलटा करून माझ्यापुढे धरला. चोचीच्या टोकावर थेंब होता आणि थेंबात आमचं अख्खं परसदार.