खलनायक थांबला तेव्हा

२००४ साली आम्ही लॉस एंजलिसजवळ एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. समोरच्या दारात एक ग्रीक नट आणि त्यांची बायको. नटांची साठी नुकतीच उलटली होती. तीस वर्षं त्यांनी सिनेमात आणि टीव्हीवर खलनायकच केले: तुर्की जेलर, अरब स्मगलर, मेक्सिकन गुंड. ग्रीक माणूस एकदाच, तोही सुरुवातीलाच मेला. त्यांच्या कामांची यादी मी टाइप करून दिली, तेव्हा 'कसा मेलो' हा रकाना त्यांनीच घालायला लावला.

२००१ नंतर त्यांना फक्त अतिरेक्यांची कामं येऊ लागली, मग तीही तरुणांकडे गेली. युनियनचा आरोग्य विमा टिकवायचा तर वर्षअखेरपर्यंत आणखी एक काम मिळणं भाग होतं. बायकोची केमो अर्ध्यावर होती.

नोव्हेंबरात एक ऑडिशन आली. मूल पळवून नेणाऱ्या खंडणीखोराचा सीन होता. त्यांची नजर अधू झालेली, म्हणून गाडी मी चालवायची आणि संवादही मीच पाठ करून घ्यायचे, असं ठरलं. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांना मी दहा वर्षं प्रॉम्प्टिंग करत होते. मैत्रिणी फोनवर विचारायच्या, "काय गं, आज कोणाचा खून?" आठ दिवस रोज साडेपाचला मी त्यांच्याकडे जात होते. ते सगळं न चुकता, भराभर म्हणून दाखवायचे.

ऑडिशनला समोरचे संवाद वाचणारी मुलगी आली नव्हती. तिथल्या लोकांनी मलाच बसवलं. मी पळवलेल्या मुलाच्या बापाची वाक्यं वाचली. शेवटचं वाक्य खलनायकाचं होतं. त्याआधी ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. आमच्या मंडळात नट थांबला म्हणजे विसरला. शब्द द्यायला उशीर झाला, तर नंतर प्रॉम्प्टरलाच बोलणी बसतात. मी हळूच वाक्य पुरवलं.

टेबलामागचा एक जण हसला. नट निवडणाऱ्या बाईंनी पुन्हा करायला सांगितलं. दुसऱ्या वेळी ते थांबलेच नाहीत. वाक्य नुसतं म्हणून टाकलं. बाईंनी आभार मानले.

गाडीत मी माफी मागितली. ते म्हणाले, "ते थांबणं मी घरी केलं नव्हतं. दरवेळी आधी केलं की शिळं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं."

काम दुसऱ्याला मिळालं. जानेवारीत विमा संपला. केमो थांबली. काउंटीच्या सरकारी हॉस्पिटलची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. त्या दिवशी दोघांना मीच घेऊन गेले. रांगेत बसल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "ते नोव्हेंबरातलं काम का नाही मिळालं?"

"त्यांना तरुण माणूस हवा होता," ते म्हणाले.

त्या माझ्याकडे वळल्या. "हो ना? तुम्ही तर तिथेच होतात."

मी हो म्हटलं.